बहात्तरच्या पाण्यासाठी

संभाजीनगरला जाऊन आले म्हटलं की प्रत्येक जण पहिलं विचारतो, वेरूळ कसं वाटलं? नाही बघितलं. अजिंठा? तेही नाही. मकबरा रिक्षातून दिसला असता म्हणे, पण मी तेव्हा मांडीवरचा थर्माकोलचा डबा दोन्ही हातांनी धरून बसले होते. लोक तिकडे लेणी बघायला जातात, मी साबण मोजायला गेले. भर मे महिन्यात. ज्यांना लेण्यांचं वर्णन वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मी चिपळूणच्या बाहेरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर मास्तरीण, नाहीतर कुणी नाही. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची आशा, एवढ्या एका धाग्यावर चार वर्षं पोंक्षे सरांच्या हाताखाली काढली. पोंक्षे सर आमचे मार्गदर्शक. मार्ग दाखवण्याचं काम ते बहुतेक फोनवरून करतात.

आता साबण मोजायचा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साबणाच्या रेणूला एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटाला तेल. पाण्यात टाकले की हे रेणू वर येऊन पृष्ठभागावर दाटी करतात, डोकं पाण्यात आणि शेपूट हवेत. त्यामुळे पाण्याची वरची ताणलेली साय सैल पडते. ती किती सैल पडली हे मोजता येतं. आता असे दोन रेणू डोक्यापाशी एका छोट्या साखळीनं जोडले की झाले जुळे. त्यांना जेमिनी म्हणतात आणि ते साध्या साबणापेक्षा कितीतरी कमी लागतात. माझे जुळे असमान, एकाचं शेपूट सोळा कार्बनांचं, दुसऱ्याचं दहाचं.

समान जुळे बनवणं सोपं. असमान बनवताना आधी साखळीच्या एका टोकाला लांब शेपूट लावायचं आणि दुसरं टोक मोकळं राहू द्यायचं. मग त्या मोकळ्या टोकाला आखूड शेपूट. टोक मोकळं राहायला हवं असेल तर साखळीचं द्रव्य सढळ हातानं, भरपूर जास्त घ्यावं लागतं. कंजुषी केलीत की दोन्ही टोकांना लांबच शेपटं चिकटून बसतात, आणि मग माझ्या असमान जुळ्यांत समान जुळे मिसळतात. पोंक्षे सरांनी ते द्रव्य मोजकंच घ्यायला लावलं. वाया कशाला घालवायचं, म्हणाले. मी एकदा बोलले, दुसऱ्यांदा बोलले, मग गप्प बसले. पुन्हा पुन्हा स्फटिक पाडून भेसळ काढता येते, तर तिथेही, दोनदा पाडलेस ना, पुरे झालं.

भेसळ आहे की नाही हे पृष्ठताणाच्या आलेखात लगेच कळतं. द्रावण थोडं थोडं वाढवत गेलं की ताण उतरत जातो आणि एका जागी येऊन सपाट होतो. माल शुद्ध असेल तर तिथे नीट कोपरा पडतो. भेसळ असेल तर कोपऱ्यापाशी खड्डा पडतो, ताण खाली जातो आणि पुन्हा वर चढतो. खड्डा नसला तर माझा प्रबंध होणार होता. खड्डा पडला तर चार वर्षं फुकट. आमच्याकडचं यंत्र बंद पडून जमाना झाला, म्हणून सरांनी संभाजीनगरच्या वाघमारे सरांना फोन केला आणि मी पांढऱ्या पुडीची बाटली थर्माकोलमध्ये बसवून निघाले. एसटीत डबा उघडून बाटली नीट आहे ना बघत होते, तर शेजारच्या बाईंनी खडीसाखर आहे का विचारलं. मी हो म्हटलं, वाद कोण घालणार.

पोचल्यावर

उतरले तेव्हा सकाळ होती म्हणे. आमच्याकडे त्याला दुपार म्हणतात. वारा होता, पण तो वाळत घातलेल्या मिरच्यांवरून आल्यासारखा. रिक्षावाल्यानं डब्यात काय आहे ते विचारलं नाही, उन्हाकडे बघून एवढंच म्हणाला की मॅडम, डोक्याला ओढणी बांधा, इथं लई लागतं. बांधली. चिपळूणला घामानं भिजतो माणूस, इथे घाम यायच्या आधीच सुकतो.

वाघमारे सर दारातच उभे होते. पन्नाशीचे, उंच, पांढऱ्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. जय भीम मॅडम, या, म्हणाले आणि माझ्या हातातला डबा स्वतः घेतला. डबा घेताना तळाला हात लावून घेतला, ज्याला आत काय आहे ते ठाऊक आहे तसा. आमचे सर चार वर्षांत एकदाही असे वागले नव्हते. प्रयोगशाळा जुनी पण लखलखीत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली यंत्र, त्याच्यावर कुणीतरी शिवलेलं फुलाफुलांचं आच्छादन. चहा आला, त्याबरोबर मुरमुऱ्यांचा तिखट चिवडा आणि तांब्याभर पाणी. मी तो तांब्या एका दमात संपवला. सरांनी इसाकभाईंकडे बघितलं आणि इसाकभाईंनी दुसरा आणला. तोही मी संपवला.

इसाकभाई तिथले प्रयोगशाळा परिचर. मेंदी लावलेली दाढी, खिशात सदैव एक पांढरं फडकं. बोलणं निम्मं मराठी, निम्मं तिकडचं दखनी. मी येणार म्हणून त्यांनी प्रयोगशाळा दोनदा पुसून घेतली होती, असं सर म्हणाले.

पृष्ठताण मोजणारी माणसं दिवसाची सुरुवात नुसत्या पाण्यानं करतात. कपात डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, प्लॅटिनमची कडी ज्योतीत लाल करून घ्यायची, ती पाण्याला टेकवायची आणि हळूहळू वर खेचायची. पाण्याची एक झिरमिळी कडीबरोबर उठते आणि तुटते. ती तुटायच्या आधी किती जोर लागला, तो आकडा. शुद्ध पाण्याचा आकडा बहात्तर. बहात्तर आला की कप स्वच्छ, कडी स्वच्छ, पाणी स्वच्छ, करा सुरुवात. आम्ही त्या आकड्याचीच देवपूजा करतो म्हणा.

मी कडी खेचली. एकसष्ट.

पुन्हा कडी जाळली. साठ. कप बदलला. एकसष्ट. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नुसतं पाणीसुद्धा धड मिळू नये? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी कुठे ठेवलंय, विचारलं. कोपऱ्यातला निळा कॅन दाखवला. झाकण उघडून नाक घातलं तर मोगऱ्याचा वास. डिस्टिल्ड पाण्याला मोगऱ्याचा वास!

इसाकभाई पुढे आले आणि अगदी आनंदानं म्हणाले, "आप आनेवाले बोलके खास पावडर डालके धोया मॅडम. तीन दफे."

साबण मोजायला आलेल्या बाईच्या पाण्याचा कॅन साबणाच्या पावडरीनं धुतला होता. आणि धुऊन एकाच तांब्यात विसळला होता, हे मला नंतर कळलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुम्हाला एवढंही कळत नाही का, हे बोलले, आणि ते दोन विद्यार्थिनींसमोर बोलले. इसाकभाईंनी फडकं खिशात घातलं आणि जी मॅडम म्हणून बाजूला झाले. वाघमारे सर मध्ये पडले नाहीत. ते फक्त म्हणाले की चूक आमची, उद्या सकाळी पाणी मिळंल तुम्हाला.

औरंगपुऱ्यात

उद्यापर्यंत थांबणाऱ्यातली मी नव्हे. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं हे मला ठाऊक होतं, म्हणून दुपारीच रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेले. दुकानाला दुकान चिकटलेलं, दुचाक्या माणसांच्या अंगावरून जायच्या बेतात. कपड्यांची दुकानं, चपला, पुस्तकं, पुन्हा कपडे. बॅटरीवाला शोधता शोधता तीन वेळा वाट चुकले आणि तिन्ही वेळा त्याच इमरतीच्या कढईपाशी आले. चौथ्यांदा नको म्हणून इमरती घेतली. गरम, पाकानं जड, हातभर चिकट. सांगते खरं, रागाच्या भरात खाल्ली तरी चांगली होती.

हात धुवायला पाणी मागितलं तर इमरतीवाल्यानं छोट्या मगातून बोटांवर नेमकी धार धरली. चिकटपणा गेला की धार बंद. मी हात तसाच पुढे धरून उभी, अजून येईल म्हणून. तो म्हणाला झालं की ताई, निघालं सगळं. आमच्याकडे हॉटेलात नळ सोडून माणूस गप्पा मारत हात धुतो. मला तो मनुष्य चिकट वाटला, त्याच्या इमरतीपेक्षा.

बॅटरीवाला सापडला. त्यानं बाटली दिली, वर शुद्धतेची हमी दिली. प्रयोगशाळेत येऊन मोजलं, सदुसष्ट. बॅटरीला चालतं, मला चालत नव्हतं. इसाकभाई तेव्हा दाराशी होते. त्यांनी आकडा विचारला नाही आणि मी सांगितला नाही.

बहात्तर

दुसऱ्या सकाळी गेले तर डिस्टिलेशनचा काचेचा संच चालू होता आणि त्याच्याजवळ दोन मोठे पिंप भरून पाणी. नवं काचेचं भांडं लावून पाणी त्यातच धरलं होतं, कॅनचं नाव नाही. वाफ थंड करायला नळीतून जे पाणी फिरतं ते आमच्याकडे सरळ मोरीत जातं, दिवसभर. इथे त्या नळीच्या तोंडाखाली बादली होती. बादली भरली की इसाकभाई ती उचलून पुन्हा पिंपात ओतायचे, आणि फार गरम झाली की बाहेरच्या कुंड्यांसाठी बाजूला ठेवायचे. मला गंमत वाटली. एवढं कशाला मोजायचं, असंही वाटलं.

कडी खेचली. एकाहत्तर पूर्णांक नऊ. मी मोठ्यानं हुश्श केलं. सरांनी यंत्राला हात जोडल्यासारखं केलं आणि हसले.

मग मी कामाला लागले आणि माझ्या पद्धतीनं लागले. आम्हा पृष्ठभागवाल्यांची सवय अशी की भांडं विसळताना मोजायचं नाही. साबणाचा एक थर काचेला चिकटून बसतो, त्याला घालवायला पाण्यामागून पाणी. कप विसळा, पिपेट विसळा, चंचुपात्र विसळा, पुन्हा कप. चिपळूणला आमच्या पन्हळीतून पावसाळ्यात जेवढं वाहतं तेवढं मी एका दुपारी मोरीत ओतलं असेन. विद्यार्थिनी बघत होत्या. त्यातली एक काही बोलायला आली आणि सरांनी तिला दुसरं काम सांगितलं.

संध्याकाळी बिंदू कागदावर मांडले. ताण उतरत आला, उतरत आला, कोपऱ्यापाशी खाली घसरला आणि पुन्हा वर चढला. खड्डा. इतका स्पष्ट की लांबूनही दिसावा. मी म्हटलं, साबणच आहे अजून, कालचा. भांड्यांना लागलाय. सर म्हणाले, शक्य आहे, उद्या सगळं परत धुऊ. तिसऱ्या सकाळी पुन्हा दोन पिंप भरलेले. मी सगळी भांडी आम्लात बुडवली आणि कालच्या दुप्पट विसळली. पुन्हा मोजलं. पुन्हा खड्डा, त्याच जागी. तरी तोंडानं मी इसाकभाईंच्या पावडरीलाच बोल लावत होते. काय करणार, दुसरं नाव घ्यायची हिंमत नव्हती.

करमाडला

त्या संध्याकाळी वाघमारे सर म्हणाले की रोज हॉटेलात काय जेवता, घरी चला. घर जालना रस्त्यावर करमाडला. रस्ता रुंद, शेंद्र्याच्या बाजूला कारखान्यांच्या भिंती, आणि मधेमधे नांगरून ठेवलेली काळी, भेगाळलेली जमीन. आमच्याकडे मे महिन्यातसुद्धा डोळ्याला कुठे ना कुठे हिरवं लागतं. इथे दोन कडुलिंब होते तेवढेच.

घर नीटनेटकं, पुढे ओटा, ओट्याच्या कडेला ओळीनं निळे पिंप. सहा-सात. मी ते पिंप बघितले आणि ओळखले. दोन मोकळ्या जागा होत्या त्या ओळीत, खाली गोल ओले डागही नव्हते, जमीन कोरडी. त्या जागांवरचे पिंप मी गेले दोन दिवस प्रयोगशाळेत बघत होते.

सरांच्या पत्नी, वहिनी, आत भाकरी थापत होत्या. पीठ मळायच्या आधी परातीत हात धुतले आणि त्याच पाण्यात पीठ भिजवलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चा कांदा. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ, ते उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी. मी नारळाशिवाय जेवण असतं यावर विश्वास न ठेवणारी बाई, पण मी दोनदा मागून घेतली. माझ्या पानाशेजारी काठोकाठ भरलेला तांब्या होता. बाकीच्यांच्या पानाशेजारी पेला.

जेवणं झाल्यावर मी भांडी घासायला गेले तर वहिनींनी ताटं राखेनं कोरडीच घासून काढली आणि एका पातेल्यात एकेक बुडवून उचलली. शेवटी ते पातेलं दारातल्या शेवग्याला. मी विचारलं, वहिनी, पाणी कधी येतं? त्या म्हणाल्या बोअर आटली, आता टँकर. परवा यायचा होता, आला नाय. आणि मग अगदी सहज, कुठलाही आडपडदा न ठेवता म्हणाल्या,

"तुमच्या कामाला पुरलं ना ताई? हे म्हनले, कॉलेजातबी पानी नाय, पाव्हण्या बाई लई लांबून आल्यात, त्यांचं काम थांबाय नको. पोरांची आंघोळ काय, उद्या करतील."

मला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं. कॉलेजलाही पाणी नव्हतं, त्यांचा टँकरही आला नव्हता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी ओतलेलं, मोरीत सोडलेलं, मोजायचं नाही म्हणून न मोजलेलं ते सगळं या ओट्यावरचं होतं. पावडरीनं धुतलेला कॅन एका तांब्यात का विसळला गेला तेही तेव्हा कळलं. जिथे विसळायला पाणी नसतं तिथे माणूस मान राखायला साबण जास्त घालतो. इसाकभाईंनी माझा मान राखला होता आणि मी त्यांना तुम्हाला कळत नाही का विचारलं होतं.

सरांना म्हटलं, तुम्ही मला थांबवलं का नाही? ते म्हणाले की विसळणं तर बरोबरच होतं तुमचं, काम तसंच करावं लागतं. हे ऐकून मला आणखी लाज वाटली.

खड्डा कुणाचा

चौथ्या दिवशी मी नवं पाणी मागितलं नाही. काल धरून ठेवलेल्यातलं थोडं उरलं होतं. वाघमारे सरांनी कपाटातून एक छोटी बाटली काढली. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं बनवलेले जुळे, तेही असमानच. पहिल्या पायरीला द्रव्य दसपट घेऊन, आणि इतक्या वेळा स्फटिक पाडून की शेवटी हातात चिमूटभर उरलं. सर म्हणाले, तेच पाणी, तोच कप, तीच कडी. याला खड्डा पडला तर आमचा साबण. नाय पडला तर बघू.

मी कप मोजून, जपून विसळला. विद्यार्थिनी शेजारी उभ्या होत्या. इसाकभाईही आले, फडकं हातात. एकेक बिंदू टाकत गेले. ताण उतरला, कोपऱ्याशी आला, वळला आणि सपाट झाला. वहीची कड ठेवून आखावा तसा सरळ.

पाणी चांगलं होतं. भांडी चांगली होती. खड्डा मी चिपळूणहून बाटलीत भरून आणला होता. लांब शेपटांचे समान जुळे, पहिल्या पायरीला केलेल्या कंजुषीचे. मला रडू आलं आणि राग त्याच्यापेक्षा जास्त आला. पोंक्षे सरांवर, माझ्या गप्प बसण्यावर, त्या दोनदा-पाडलेस-ना-पुरे-झालं वर. एका माणसानं द्रव्य वाया जाऊ नये म्हणून हात आखडला आणि त्यापायी दुसऱ्या माणसाच्या घरचं पाणी वाया गेलं.

बाहेर व्हरांड्यात जाऊन पोंक्षे सरांना फोन लावला. आलेख सांगितला, दुसरा आलेखही सांगितला. ते जराही दचकले नाहीत. ते म्हणाले,

"मधले तीन बिंदू काढून टाक. रेघ नीट जाईल. खड्डा दिसतो कुणाला?"

मी म्हटलं, मला दिसतो. ते म्हणाले तुला पदवी हवीय की नको, आणि फोन ठेवला.

निघताना वाघमारे सरांनी दोन्ही आलेखांच्या प्रती दिल्या. इसाकभाईंनी माझा थर्माकोलचा डबा रिक्षापर्यंत आणला. मी त्यांना माझं चुकलं म्हटलं. ते म्हणाले कोई बात नाय मॅडम, आणि डबा मांडीवर ठेवताना तळाला हात लावून दिला. एवढं झाल्यावरही माझा तो भेसळीचा डबा त्यांनी जपला याचा मला फार त्रास झाला. येताना एसटीत कुणी काही विचारलं नाही.

घरी

चिपळूणला पोचले तर अंगणातला नळ गळत होता. तो वर्षभर गळतोय. मी चप्पल न काढता आधी तो दोरीनं घट्ट बांधला.

आठवड्यानं पोंक्षे सरांनी लेखाचा मसुदा पाठवला, पाठवला म्हणजे तो आधीच नियतकालिकाकडे गेला होता, मला फक्त कळवलं. आकडे मी आणलेलेच, पण आलेख गुळगुळीत. तीन बिंदू गायब. खरं सांगते, तिथपर्यंत मी कदाचित गिळलंही असतं. चार वर्षं झाली होती, वय झालं होतं, घरी विचारणारे होते. पण शेवटी आभारात एक ओळ होती की ही सर्व मोजमापं डॉ. वाघमारे यांच्या प्रयोगशाळेत झाली. म्हणजे खोटी रेघ आमची आणि तिला साक्षीदार ते. त्यांच्या ओट्यावरच्या पाण्याची सही त्या रेघेखाली.

मी संपादकांना कळवलं की या आलेखातले तीन बिंदू वगळलेले आहेत, हे ते बिंदू. लेख परत आला. पोंक्षे सरांनी मला दुसरा मार्गदर्शक शोधायला सांगितलं आणि पुढच्या सत्राचे माझे तास दुसऱ्या बाईंना गेले. हे मी अपेक्षित धरलं होतं असं आता म्हणते, तेव्हा धरलं नव्हतं. लोक म्हणाले काय हे, तीन ठिपक्यांसाठी. हो, तीन ठिपक्यांसाठी.

सुट्टीत प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे होती तोवर मी पहिल्या पायरीपासून पुन्हा सगळं केलं. साखळीचं द्रव्य दसपट. लांब शेपूट थेंबाथेंबानं. स्फटिक पाडले, विरघळवले, पुन्हा पाडले, इतक्या वेळा की बाटलीच्या तळाशी चिमूटभर राहिलं. किल्ली परत केली. आता ते मोजायचं कुठे? चिपळूणला यंत्र नाही आणि मार्गदर्शक नसलेल्या बाईला कोण उभं करतं.

धीर करून वाघमारे सरांना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले या तुम्ही. मी म्हटलं, सर, पाण्याचं काय? पाऊस झाला का तिकडे?

"नाय अजून. पाण्याचं बघू की मॅडम, तुम्ही या. थांबा, इसाकभाईला काहीतरी विचारायचंय."

फोन दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. इसाकभाईंनी सलाम केला, तब्येत विचारली. मग आवाज जरा खाली आणून, चूक होऊ नये म्हणून आधीच विचारून ठेवावं तसं त्यांनी विचारलं, "मॅडम, इस बार कॅन कशानं धुवू?"

मी लगेच म्हणाले, नुसत्या पाण्यानं. पाच-सात वेळा, नुसत्या पाण्यानं.

बोलून गेले आणि मग जीभ चावली. पलीकडून इसाकभाई जी मॅडम म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.